काशीहून काय आणलेत?



कोणी परगावाहून परतला म्हणजे आपल्याकडे त्याला दोन प्रश्न विचारण्याची चाल आहे. पहिला, 'प्रवास सुखाचा झाला ना?' आणि दुसरा, 'काय आणलंत?' पहिल्याचे उत्तर ऐकायला कोणी फारसे थांबत नाही. दुसऱ्याचे उत्तर मात्र पिशवी उघडेपर्यंत वाट पाहून घेतले जाते. वसंत व्याख्यानमालेचे दिवस हे सुट्टीचे आणि म्हणून प्रवासाचेही दिवस. येथे बसलेल्यांपैकी कित्येक जण उद्या-परवा गाडीत बसतील आणि पंधरा दिवसांनी हाच प्रश्न त्यांच्याही वाट्याला येईल. तेव्हा या दुसऱ्या प्रश्नाचा थोडासा इतिहास आपल्यापुढे ठेवावा असे आम्ही योजिले आहे. विषय वरकरणी हलका दिसतो. पण माणूस दूरच्या नगरातून घरी काय घेऊन येतो, यावरून त्याने त्या नगरात काय पाहिले आणि घराला तो काय समजतो, या दोन्ही गोष्टींचा उलगडा होतो.

सगळ्या नगरांचा विचार एका व्याख्यानात होणे शक्य नाही. म्हणून आम्ही एकच नगर निवडले आहे, ते काशी. महाराष्ट्रातील माणूस शतकानुशतके तेथे जात आला आहे, आणि तेथून त्याने आणलेल्या वस्तूची परंपरा अखंड सापडते. ती वस्तू म्हणजे पाणी.

नवलाची गोष्ट पाहा. काशी हे कलाबतूचे, रेशमाचे, पितळेच्या भांड्यांचे नगर. बाजारात मन मोहून जावे अशी एकेक चीज. पण आमच्या पूर्वजांनी तेथून कोणती वस्तू आणण्यासाठी खांदे झिजविले? जिला तेथे कवडीची किंमत पडत नाही, जी नदीत वाकून कोणालाही भरून घेता येते, तीच. पाण्याला रंग नाही, आकार नाही, आणि घरच्या विहिरीच्या पाण्याशेजारी ठेवले तर कोणते कोणते ते डोळ्यांना ओळखता येत नाही. मग या वस्तूला मोल आले कोठून? आमच्या विषयाचे मर्म या प्रश्नात आहे.

ओळख पटत नाही अशी वस्तू दूर न्यायची म्हणजे तिच्या खरेपणाची साक्ष बरोबर न्यावी लागते. ही अडचण जुन्या लोकांना चांगली ठाऊक होती. अबुल फजलाने 'ऐन-ए-अकबरी'त अकबर बादशहाच्या पाण्याची व्यवस्था वर्णिली आहे. घरी असो वा प्रवासात, बादशहा गंगेचे पाणी पीत असे. त्यासाठी नदीकाठी विश्वासू माणसे नेमलेली असत आणि ती मोहरबंद घागरींतून पाणी रवाना करीत. दरबार आग्र्यास किंवा फत्तेपूरला असला की पाणी सोरोंहून येई. बादशहा पंजाबात असला की हरिद्वारहून येई. स्वयंपाकाला पावसाचे किंवा यमुनेचे आणि चिनाबेचे पाणी वापरीत, पण त्यातही थोडे गंगाजल मिसळीत. सतराव्या शतकात हिंदुस्थानात अनेकदा येऊन गेलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए हाही लिहितो की, गंगेचे पाणी फार लांबवर नेले जाई, त्याच्या भांड्यांच्या तोंडावर मुख्य पुरोहिताची मोहर असे आणि श्रीमंतांच्या लग्नात ते पाहुण्यांना दिले जाई. तात्पर्य, अस्सल आणि नक्कल हा वाद आजच्या बाजारानेच निर्माण केला अशी कोणाची समजूत असेल, तर ती सोडून द्यावी. मोहर ही आठवणवस्तूइतकीच जुनी आहे.

परंतु बादशहाच्या पाण्याला वाहणारी माणसे होती. सामान्य यात्रेकरूला स्वतःचा खांदा होता. बांबूची एक काठी, तिच्या दोन टोकांना दोन करंड्या, करंड्यांत पाण्याची भांडी. हिलाच आपण कावड म्हणतो. कावड जमिनीला टेकवावयाची नाही, असा दंडक. म्हणजे विसावा घ्यायचा तर आधी तिच्यासाठी झाडाची फांदी किंवा दुसऱ्याचा खांदा शोधावयाचा. जी वस्तू उन्हात आटते, धक्क्याने हिंदकळते आणि खाली ठेवता येत नाही, ती शेकडो कोस आणणे म्हणजे काय, याची कल्पना आज सामानाच्या पेटीला चाके लावून हिंडणाऱ्या आपल्याला येणे कठीण आहे.

हे वाहणे एकाच दिशेने होत नसे. काशीचे पाणी रामेश्वरास नेऊन तेथे अभिषेक करावयाचा, आणि रामेश्वराची वाळू उत्तरेस आणून गंगेत सोडावयाची, अशी रीत होती. दोन टोकांच्या दोन तीर्थांनी एकमेकांना भेट पाठवावी आणि यात्रेकरूने फक्त हमाली करावी, असाच हा प्रकार. अहिल्याबाई होळकरांनी तर हा व्यवहार संस्थेच्या पायरीवर नेला. माळव्याचा वृत्तान्त १८२३ साली प्रसिद्ध करणाऱ्या सर जॉन माल्कमने नोंदविले आहे की, दूरदूरच्या देवळांतील मूर्तींना स्नान घालण्यासाठी बाई ठराविक काळाने गंगेचे पाणी पाठवीत असत. स्वतः महेश्वरी बसून काशीची आठवण साऱ्या देशाला वाटणारी ही बाई एकमेवच म्हटली पाहिजे.

आणि याच परंपरेत पैठणच्या एकनाथांची कथा आपल्या सर्वांना परिचित आहे. रामेश्वरास वाहावयाची कावड घेऊन नाथ चालले असता वाटेत वाळवंटात तहानेने तडफडणारे गाढव दिसते, आणि नाथ ती कावड त्याच्या तोंडात रिकामी करतात. सोबतचे यात्रेकरू हळहळतात; नाथ म्हणतात, रामेश्वर येथेच पावला. ही कथा घडली की रचली, याचा निवाडा येथे करण्याचे कारण नाही. समाजाने ती जतन केली, हीच इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट. कावडीचे एवढे स्तोम असलेल्या समाजाने, कावड रिकामी करणाऱ्याला सर्वांत मोठा यात्रेकरू मानले. आणलेली वस्तू कोणाच्या उपयोगी पडली, यावर तिची थोरवी ठरते, हा निकाल लोकांनी चारशे वर्षांपूर्वी देऊन ठेवला आहे.

आता आम्ही ज्या एका माणसाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो, तो ना संत होता ना राजा. पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यात पेणजवळ वरसई नावाचे गाव आहे. तेथील विष्णुभट गोडसे हे गरीब भिक्षुक. घरावर कर्ज. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार आणि तेथे विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा मिळणार, अशी वार्ता आली, तेव्हा १८५७ साली आपल्या काकांना सोबत घेऊन ते उत्तरेकडे पायी निघाले. हेतू सरळ होता: पैसे मिळवावे, कर्ज फेडावे. पण साल होते सत्तावन्न. महूच्या बाजूस पोहोचतात तो बंडाची बातमी. पुढे फिरत फिरत ते झाशीस गेले, राणी लक्ष्मीबाईंच्या आश्रयास राहिले, आणि १८५८ च्या वसंतात सर ह्यू रोजच्या फौजेने झाशीला वेढा घातला तेव्हा गावातच होते. एप्रिलच्या आरंभी झाशी पडली. त्यानंतरची कत्तल आणि लूट त्यांनी डोळ्यांनी पाहिली. जमविलेले द्रव्यही त्या लुटीत गेले.

अशा माणसाने घरी काय घेऊन यावे? आपण असतो तर जीव वाचला एवढेच पुष्कळ म्हणून रिकाम्या हाताने परतलो असतो, आणि कोणी दोष दिला नसता. विष्णुभट काशीस गेले, गंगेच्या पाण्याची कावड भरली, आणि ती खांद्यावर घेऊन कोकणची वाट धरली. कारण घरी आईबाप होते. त्यांना काशीयात्रा घडणे शक्य नव्हते. तेव्हा गंगाच त्यांच्यापाशी न्यावयाची. वरसईस पोहोचल्यावर त्यांनी त्या पाण्याने आईबापांना स्नान घातले. कर्ज फेडायला पैसे आणतो म्हणून गेलेला मुलगा पाणी घेऊन आला. हिशेबाच्या वहीत हा तोटा दिसेल. पण त्या दोन वृद्धांच्या मस्तकावर जी धार पडली, ती कोणत्या रकान्यात मांडावयाची?

या विष्णुभटांनी आणखी एक वस्तू आणली होती, पण ती त्यांच्या करंडीत नव्हती, डोक्यात होती. पंचवीस-एक वर्षांनी चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून त्यांनी आपल्या प्रवासाची हकीकत लिहून काढली. ती 'माझा प्रवास' या नावाने १९०७ साली वैद्यांनी प्रसिद्ध केली, आणि मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती १९६६ साली दत्तो वामन पोतदारांनी काढली. सत्तावनच्या धामधुमीची, आपल्यातल्याच एका साध्या माणसाने आपल्याच भाषेत दिलेली अशी दुसरी साक्ष मिळणे दुर्मीळ. वरसईच्या घरातले पाणी त्याच दिवशी वाहून गेले. हे दुसरे आणणे अजून आपल्याला पुरते आहे.

विष्णुभटांच्या पिढीनंतर काळ पालटला. १८७० साली मुंबईहून निघालेला लोहमार्ग जबलपुरास अलाहाबादकडून येणाऱ्या मार्गाला जोडला गेला, आणि मुंबई ते कलकत्ता सलग गाडी झाली. १८८७ साली काशीपाशी गंगेवर रेल्वेचा पूल झाला. महिनोन्महिन्यांची वाट काही दिवसांवर आली. परिणाम काय झाला? यात्रेकरू वाढले आणि कावड आटली. गाडीच्या डब्यात बांबू आडवा धरता येत नाही. तिची जागा तांब्याच्या लहानशा गडूने घेतली. काशीच्या बाजारात पाणी भरून, तोंड झाळून बंद केलेला तो गडू आपल्यापैकी अनेकांच्या देवघरात असेल. अकबराच्या घागरीवरील मोहर आता कासाराच्या डागात उतरली, एवढाच फरक.

गडू लहान झाला, पण त्याच्याभोवतीचा आचार लहान झाला नाही. काशीहून आलेल्या माणसाने घरी गंगापूजन करावयाचे, आप्तेष्टांना जेवावयास बोलवावयाचे, आणि तीर्थ वाटावयाचे. याला मावंदे म्हणत. मावंदे झाल्याशिवाय यात्रा पुरी झाली असे कोणी मानीत नसे. यात्रेचा शेवट काशीस होत नसून तो आपल्या ओसरीवर, शेजाऱ्यांच्या पंगतीत होतो, ही केवढी मोठी कल्पना आहे! एखादा गडू मात्र न उघडता ठेवीत. तो घरातल्या कोणाच्या तरी अखेरच्या घोटासाठी असे. ज्याने तो आणला त्यालाच कित्येकदा तो उपयोगी पडे.

याच काळात पाण्याची दुसरीही एक यात्रा झाली. १९०२ साली जयपूरचे महाराज सवाई माधोसिंग सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेस निघाले, तेव्हा परमुलुखात गंगाजलच प्यावयाचे या निश्चयाने त्यांनी चांदीच्या प्रचंड घागरी बरोबर घेतल्या. त्यांपैकी दोन आजही जयपूरच्या राजवाड्यात पाहावयास मिळतात. प्रत्येकीचे वजन ३४५ किलो, आणि पाणी मावते चार हजार लिटरांहून अधिक. जगातील सर्वांत मोठी चांदीची भांडी म्हणून त्यांची ख्याती आहे. आम्ही त्या घागरींची थोरवी कमी करू इच्छीत नाही. परंतु पाहणारे त्या घागरींपुढे उभे राहून चांदीविषयी बोलतात, पाण्याविषयी नव्हे. भांडे वस्तूहून मोठे झाले की असे होते.

काशीहून सगळ्यांनी पाणीच आणले असे मात्र नाही. १८२० पासून दहा वर्षे तेथील टांकसाळीत अधिकारी असलेल्या जेम्स प्रिन्सेपने त्या नगराचे घाट, देवळे आणि गल्ल्या स्वतःच्या हाताने रेखाटल्या, आणि ती चित्रे १८३० ते १८३४ या काळात शिळाछापावर प्रसिद्ध केली. ब्राह्मी लिपीचा उलगडा करणारा हाच तो पुढे नावाजलेला पंडित. त्यानेही काशीतून कोणाचे काही हिरावून घेतले नाही. दहा वर्षे पाहिले आणि पाहिलेले कागदावर नेले. ज्याला चित्र काढता येते त्याने चित्र काढावे, ज्याला लिहिता येते त्याने लिहावे. हे आणणे दुकानात मिळत नाही, म्हणूनच त्याची जोडही कोठे मिळत नाही.

आणि काही जणांनी काशीहून आणण्यापेक्षा काशीस ठेवून येणे पसंत केले. ज्या बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञाच्या बातमीने विष्णुभट घराबाहेर पडले, त्यांनीच १८२८ च्या सुमारास ज्ञानवापीच्या विहिरीवर खांबांचा मंडप उभारला, आणि गंगेवर शिंदे घाटाचे जंगी काम काढले. विश्वेश्वराचे देऊळ त्यापूर्वीच, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, अहिल्याबाईंनी बांधून दिले होते. गरिबांना घाट बांधता येत नसत. तेव्हा त्यांच्यासाठी रूढी होती की, काशीस गेल्यावर आपल्या आवडीचे एखादे फळ किंवा भाजी सोडून यावयाची. आंबा सोडलेली आजी दर वैशाखात, घरात आढीचा वास सुटला की, काशीची आठवण काढीत असे. पिशवीत न मावणारी, न फुटणारी, न हरवणारी अशी ही आठवण, आणि तिला पैसाही पडला नाही! श्रोतेहो, आठवण ठेवण्यासाठी वस्तू आणावयाची एवढेच आपण शिकलो. वस्तू सोडूनही आठवण राहते, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते.

आता आपल्या काळाकडे येऊ. २०१६ सालापासून टपाल खात्याने ऋषीकेश आणि गंगोत्रीचे गंगाजल बाटलीत भरून विकावयास काढले. ज्यासाठी विष्णुभटांनी खांदा दिला, ते आता घरबसल्या येते. यात वाईट काही नाही. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाला ते मिळाले तर आनंदच आहे. पण मग काशीस प्रत्यक्ष जाणाऱ्याने काय आणावे, हा प्रश्न अधिकच बिकट होतो. काशीविश्वनाथाचा नवा परिसर डिसेंबर २०२१ मध्ये खुला झाल्यापासून तेथील गर्दी वाढली, आणि गर्दीबरोबर दुकानेही वाढली. त्यांतील कित्येक वस्तू अशा की, त्या काशीस घ्या, पंढरपुरास घ्या, नाही तर आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानात घ्या. फक्त वरचे नाव बदलायचे.

परंतु काशीत काशीच्याच वस्तू आजही होतात, हेही तितकेच खरे. बनारसी शालूला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पुढे गुलाबी मीनाकारीला आणि लाखेच्या रंगाच्या लाकडी खेळण्यांनाही ते मिळाले. हे मानांकन म्हणजे तरी काय? ताव्हेर्निएने पाहिलेली पुरोहिताची मोहरच ती, नव्या सरकारी शाईत. पण मोहर असली तरी घेणाऱ्याला डोळे असावे लागतात. यंत्रमागावर विणलेली नक्कल हातमागाच्या शालूशेजारी मांडली की ती पुढून सारखीच दिसते. म्हणून शालू नेहमी उलटा करून पाहावा. कढवा पद्धतीत प्रत्येक बुट्टी वेगळी विणलेली असते, तिच्या पाठीमागे धागे लोंबत नाहीत. फेकवा पद्धतीत जर एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जाते आणि मधले धागे मागाहून कापावे लागतात. हातमागावर कापड ताणून धरण्यासाठी लावलेल्या टाचण्यांच्या बारीक खुणा काठावर सापडतात. लाखेचे खेळणे घ्यावयाचे तर ते होताना पाहावे. कातणीवर लाकूड फिरत असते, त्यावर रंगीत लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर चढते. आपल्या सावंतवाडीची खेळणी ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना त्या कारागिराशी बोलायला विषय शोधावा लागणार नाही.

येथे केवळ आवडीनिवडीचा प्रश्न नाही. स्वस्त नकलेपुढे हातमागाला उभे राहणे कठीण होते, आणि एक माग थांबला की त्याबरोबर एका घराची पिढ्यांची विद्या थांबते. विणकराचा मुलगा दुसऱ्या धंद्याला लागला तर त्याला नावे ठेवण्याचा अधिकार, नक्कल घेऊन आलेल्या आपणांस नाही. ज्या वस्तूची आपण आठवण म्हणून निवड करतो, ती तेथे टिकावी की नाही, याचाही थोडासा निर्णय आपण त्या दुकानात उभे राहून करीत असतो. मोठा शालू परवडत नसेल तर लहानसा हातमागाचा तुकडा घ्यावा, एकच लाकडी बाहुली घ्यावी. पण ती कोणाच्या हातची आहे हे विचारून घ्यावी.

समारोपास आम्ही एवढेच म्हणू की, या साऱ्या इतिहासातून तीन कसोट्या हाती लागतात. आणलेली वस्तू त्या गावाची असावी. तिच्यासाठी आपण थोडे तरी झिजलेले असावे. पैशाने नव्हे, पायांनी, डोळ्यांनी, वेळेने. आणि घरी कोणीतरी तिची वाट पाहत असावे. पहिल्या दोन कसोट्यांना उतरून तिसरीला न उतरलेली वस्तू कपाटाच्या काचेआड जाऊन बसते. तिसरीला उतरलेली मात्र, विष्णुभटांच्या पाण्यासारखी, क्षणात वाहून गेली तरी दीडशे वर्षांहून अधिक काळ सांगितली जाते.

तेव्हा या सुट्टीत आपण जेथे जाल, तेथे बाजारात शिरण्यापूर्वी एकदा मनात घर आठवावे. कोण येऊ शकले नाही? कोणाचे गुडघे दुखतात, कोणाची परीक्षा आहे, कोणाला रजा मिळाली नाही? त्यांच्यापैकी एकाचे नाव ठरवावे आणि मग हिंडावे. काय आणावयाचे ते त्यानंतर आपोआप सुचेल. आणि परत आल्यावर, ऋण काढून नव्हे, पण चार माणसे बोलावून, जमेल तसे मावंदे अवश्य घालावे. पिशवी त्या दिवशी उघडावी. तोवर कोणी 'काय आणलंत?' म्हणून विचारले, तर त्यालाही पंगतीचे आमंत्रण देऊन टाकावे.